यादीतलं नाव

सीवूड्सच्या लॅबमध्ये नंबराची वाट बघणाऱ्या नंदकिशोररावांचं डोकं पुस्तकात होतं, कान मात्र शेजारच्या दोघींकडे.

"ऑपरेशन कुनाचं हाय, पोरी?"

"आईचं, मावशी. उद्याच. डॉक्टर उकिडवे करणार आहेत. मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या यादीत त्यांचं नाव बघितलं. डिग्री, नंबर, सगळं व्यवस्थित आहे."

"तक्रार दिसली काय?"

"नाही. म्हणजे नसणारच."

"मी केलेली हाय. आमचे मालक त्याच्याच टेबलावर गेले. चार वर्सांनी निकाल लागला. गेल्या साली त्याला बंदी होती."

"पण गेल्या वर्षी ते ट्रेनिंगला परदेशी होते. दवाखान्याबाहेर तसा बोर्ड होता."

"किती दिवस?"

"सहा महिने."

"बंदी पन तेवढीच."

मुलीने हातातली फाइल मिटली.

"आम्ही थांबलो त्यांच्यासाठी. आईला दुसरा डॉक्टर नकोच होता."