शेवटच्या शंभर सेकंदांतली तीन बोटं

समारंभाच्या अध्यक्षा आणि शाळा मंडळाच्या प्रमुख श्रीमती व्हर्ना क्लेपर, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती कोच ड्वाइट प्रुएट, आणि माझ्या हॅलर्टनकर बंधुभगिनींनो,

मला पाचच मिनिटं मिळाली आहेत. मी नॉरिस टॅकेट. सात वर्षं कोचसाहेबांच्या हाताखाली सहायक कोच म्हणून आपल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाची बचावफळी मी सांभाळली. त्यानंतरची अकरा वर्षं याच शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवतो आहे. बाईंनी मघाशी कोचसाहेबांच्या दोनशे विजयांचा गौरव केला. त्यात माती कालवणारा मी कोण? मला फक्त त्यांचंच एक वाक्य आठवतं: "कोचला जोखायचं तर बाद फेरीतल्या बचावावरून." हे ते कधी म्हणाले, तेवढं सांगतो.

मॅकनॅरीविरुद्धचा बाद फेरीचा सामना. शंभर सेकंद उरलेले, आपण चार गुणांनी पुढे. आठवडाभर आम्ही एकच घोकलं होतं, की शेवटी पाच जणांनी त्यांच्या चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडायचं. मी मैदानाच्या कडेवरून पाच बोटं दाखवली. तेवढ्यात कोचसाहेबांनी मला शर्टाला धरून मागे ओढलं आणि स्वतः तीन दाखवली. तिघे धावले, आठ जण मागे राखण करत उभे. समोरच्या पोराला बुटाची नाडी बांधण्याइतका निवांत वेळ मिळाला. चार फेकींत त्यांनी सामना फिरवला, आणि आपण स्पर्धेबाहेर.

सोमवारी पाठीराख्यांच्या सभेत नेहमीप्रमाणे सामन्याची फिल्म लावली. बरोबर शंभर सेकंद उरले तिथे कोचसाहेबांनी ती थांबवली, ते वाक्य उच्चारलं आणि म्हणाले, "बचाव नॉरिसचा होता." आमच्या धंद्याची रीत अशी, की सहायकाने लोकांसमोर मुख्य कोचला खोटं पाडायचं नाही. मी रीत पाळली. मूर्ख होतो. गुरुवारी पद गेलं आणि शनिवारी माझ्या अंगणात 'घर विकणे आहे' अशा नऊ पाट्या रोवलेल्या, म्हणजे गाव सोडा. माझी बायको लॉरीन त्या उपटत होती आणि तुमच्यातलेच काही जण जाता जाता हॉर्न वाजवत होते. मी ते विसरलेलो नाही, आणि माफही केलेलं नाही.

आता सत्काराकडे वळतो. कोचसाहेबांच्या जागी येणारा कर्टिस व्हॅनडेव्हर इथेच बसला आहे. तेव्हा तो बचावाचा कर्णधार होता. कडेवरची बोटं वाचायचं काम त्याचंच. कर्टिस, जरा उभा राहा. पुढच्या मोसमात हेच लोक तुलाही जोखणार आहेत. बोलू नकोस, फक्त हात वर कर. किती बोटं होती, आणि कोणाची?

आभारी आहे, पोरा. तिन्ही बोटं मागच्या रांगेपर्यंत दिसली. आणि दुसऱ्या हाताने तू व्यासपीठावर ज्यांच्याकडे बोट दाखवलंस, तेही सर्वांनी पाहिलं.

कोचसाहेब, मान वर करा, फोटोवाला थांबला आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलं, याबद्दल ऋणी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर आपण सर्वांनी पदरात घ्यावं. कोचसाहेबांनी मात्र घेऊ नये. मी त्यांच्यासाठीच बोललो आहे.