ठिपके गेल्यावर

मासेवाली : हा मासा दगडाला अंग घासतोय, हे कधीपासून?

काका : परवापासून. आधी वाटलं, खेळतोय.

मासेवाली : खेळत नाही काका, खाज सुटलीय त्याला. कल्ले बघा किती भराभर हलतायत. आणि शेपटीवर हे रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके. मागच्या महिन्यात हेच झालं होतं ना? निळं औषध दिलं होतं मी.

काका : आणि मी ते मोजून घातलं. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, माझी मात्रा चुकत नाही. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून खुणा केल्या. टाकीची लांबी, रुंदी, उंची मोजली, त्यातून वाळू आणि दगड वजा केले.

मासेवाली : वाळूसुद्धा वजा केलीत? लोक झाकणानं अंदाजपंचे ओततात. मग घोडं अडलं कुठं? फिल्टर उघडते जरा. हे काय, काका? कोळशाची पिशवी आतच?

काका : पाणी स्वच्छ राहावं म्हणून.

मासेवाली : कोळसा औषध शोषून घेतो. तुम्ही वरून घालताय आणि तो आतून पितोय.

काकू : चाळीस वर्षांचा कंपाउंडर, आणि औषध पाजलं कोळशाला.

मासेवाली : अगंबाई, काकू, तुम्ही इथेच आहात होय? दिसलाच नाहीत.

काकू : खुर्चीत असते मी. हल्ली सामानात जमा. तू ती मासेवाली ना?

मासेवाली : हो. दुकानावर चांगली रंगीत माशांची पाटी आहे, तरी आठवड्याला एकजण येऊन विचारतोच, साफ करून देता का. मी सांगते, टाकी साफ करून देते, मासा नाही. काका, औषध किती दिवस घातलंत?

काका : ठिपके जाईपर्यंत.

मासेवाली : म्हणजे किती?

काका : चार दिवस.

मासेवाली : मी दहा सांगितले होते.

काका : चौथ्या दिवशी एक ठिपका उरला नव्हता. भिंग लावून बघितलं.

काकू : त्यांना कशाला धरतेस. मी थांबवायला लावलं. त्या निळ्या पाण्यात हा सरदार वर तोंड काढून धापा टाकत होता. बघवेना मला. म्हटलं, झाला ना बरा? पुरे आता.

काका : चाळीस वर्षं लोकांना खिडकीतून बजावत आलो, बरं वाटलं म्हणून डोस अर्धा सोडू नका. आणि घरात हिनं पुरे म्हटलं की बाटली कपाटात.

मासेवाली : सगळे तिथेच फसतात, काका. हे ठिपके म्हणजे काय, तर कातडीखाली एकेक किडा बसलेला असतो. वर पापुद्रा, त्यामुळे तिथे औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो आपणहून गळून वाळूत पडतो. मासा दिसतो एकदम चकाचक. आणि खाली त्या एकाचे शेकडो होतात. मग ते बाहेर पडतात आणि पोहत मासा शोधतात. तेवढाच वेळ ते उघडे असतात, आणि औषध मारतं ते तेव्हाच. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले की खरं काम सुरू.

काका : ऐकलंस?

काकू : कान शाबूत आहेत माझे.

काका : ती म्हणतेय, दिसत नाही तेव्हाच औषध...

काकू : लेकी बोले सुने लागे. कळलं मला.

मासेवाली : माझं काही चुकलं का?

काकू : नाही गं. तू माशाचंच बोललीस, हे मात्र माशाचं ऐकत नव्हते. सांगूनच टाकते. माझी गाठ काढली. त्यानंतर सहा वेळा सलाईनमधून औषध घ्यायचं ठरलं होतं, चार वेळा झालं. मागच्या महिन्यात रिपोर्ट स्वच्छ आला. त्या आनंदात हे दोन नवे मासे घेऊन आले.

मासेवाली : आणि लगेच ह्यांच्यात सोडले. तरीच. नवा मासा पंधरा दिवस वेगळा ठेवायचा असतो, काका.

काका : आनंदात कुठलं सुचतंय.

काकू : तर माझी दोन राहिलीत, आणि मी जाणार नाही म्हणून सांगितलंय. तेव्हापासून जो येईल त्याला हे माझ्यासमोर आणून बसवतात. भाऊ येऊन गेला, शेजारीण झाली, बँकेतले साहेब झाले. आज तू.

काका : हिला मी माशासाठीच बोलावलंय.

काकू : माहितेय. म्हणून तर नीट ऐकून घेतलं.

मासेवाली : काकू, मला माशातलं कळतं. माणसाचं डॉक्टरांना विचारायचं, मी त्यात तोंड घालणार नाही. मी आपली वाळू धुते. काका, ही नळी धरा, टोक बादलीत. वाळूत पडलेले जितके ओढून निघतील तितके काढू. पाणी तिसरा हिस्सा बदलायचं, जास्त नाही. आणि ऊब वाढवायची, पण रोज एकेक अंश, म्हणजे किड्यांची घाई होते आणि ते लवकर बाहेर येतात.

काका : आत्ता पंचवीस आहे.

मासेवाली : तीसपर्यंत न्या. बघा, इथे घासून घासून खवला उडालाय. उघड्या जखमेला बुरशी धरायच्या आत आवरलं पाहिजे.

काकू : ह्या वेळी पण धापा टाकेल का तो?

मासेवाली : थोड्या टाकेल. औषध किड्याला लागतं तसं माशालाही लागतं. खोटं कशाला सांगू.

काकू : हे कोणी सांगत नाही बघ. सगळे म्हणतात, काही होत नाही, दोनच तर राहिलीत. दोनच म्हणे. ती दोन सोसायची कोणाला आहेत?

मासेवाली : पण मागच्या वेळी त्याचे हाल झाले ते सगळे औषधानं नाही झाले. काका, हवेची मोटर बंद होती का?

काका : तिची घरघर असते. हिची झोप मोडायची.

मासेवाली : औषध चालू असताना पाण्यात हवा कमी पडते. ती बंद म्हणजे नाक दाबून काढा पाजणं. आणि वरचा दिवा?

काका : चालू. तो कसा आहे ते दिसायला हवं ना.

मासेवाली : दिवा बंद. उजेडात औषध विरतं, आणि आजारी माशाला अंधार बरा वाटतो. खायला किती घालत होता?

काका : दोन वेळा. आजाऱ्याच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे.

मासेवाली : त्याला नको असेल तर नाही. न खाल्लेलं तळाशी सडतं आणि त्यालाच गुदमरवतं. पहिले तीन दिवस काही नाही घातलं तरी चालतं. उपाशी मरत नाही तो. पुढे चिमूटभर.

काकू : हे पुन्हा सांग. जरा मोठ्यानं.

मासेवाली : कुठलं, खाण्याचं?

काकू : राहू दे, मीच सांगते. अहो, ऐका. सलाईन झालं की पहिले तीन दिवस मला वास नको असतो, उजेड नको असतो, भांड्याचा आवाज नको असतो. आणि तुम्ही दर तासाला वाटी घेऊन उभे. दोन घास. बरं, एक घास. माझ्यासाठी एक. मी डोळे मिटून पडले तरी चमचा ओठाला टेकलेला. मी त्या औषधाला नाही भ्याले. तुमच्या वाटीला भ्याले.

काका : हे तू बोलली नाहीस कधी.

काकू : वाटी आणणाऱ्या माणसाला कसं बोलणार?

काका : मग मी करायचं काय? सुई लावते नर्स, मात्रा ठरवतात डॉक्टर. आयुष्यभर लोकांची औषधं मोजली आणि तुझ्या औषधाला मला कोणी हात लावू देत नाही. माझ्या हाती वाटी तेवढी राहते.

काकू : ती खाली ठेवा.

काका : आणि?

काकू : पडदा ओढा. बाहेरच्या खोलीत बसा. मी हाक मारली तर या. नाही मारली तर तिथेच बसा.

काका : नुसता बसू?

मासेवाली : अवघडच काम आहे ते, काका. माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना जमत नाही. सारखे पाण्यात हात घालतात.

काका : जमवीन.

काकू : बघू.

काका : बघू नाही. जमवीन म्हणतोय ना. तीन दिवस वाटी नाही. तू मागितल्याशिवाय पाणीसुद्धा विचारणार नाही.

काकू : पाणी विचारलंत तरी चालेल.

मासेवाली : बादली भरली, काका. नळी काढा. कोळसा बाहेर, मोटर चालू. औषध आता तुम्ही घाला, तुमची पट्टी आहेच बाटलीवर. आणि दहा दिवस म्हणजे दहा.

काका : दहा दिवस. शेपटी आरशासारखी झाली तरी दहा.

मासेवाली : वाचेल का म्हणून विचारू नका, मी सांगू शकत नाही. पण अजून पोहतोय, पंख पसरलेले आहेत. असा मासा मी सोडून देत नाही. दिवसाआड येऊन बघून जाईन.

काकू : अहो, औषध घालून झालं की हात धुवा आणि दवाखान्यात फोन लावा.

काका : आत्ता?

काकू : आत्ताच. मी जेवायला बसले की माझं मन बदलेल.

(काका फोन लावतात.)

काका : हॅलो, हो. पाचव्या सलाईनसाठी तारीख हवी होती. हो, त्याच. मध्ये खंड पडलाय, कल्पना आहे. आधी डॉक्टरांना भेटायला लागेल? चालेल ना. गुरुवारी सकाळी. हो, हो, पेशंट तयार आहेत.

काकू : तयार आहेत म्हणू नका. येतायत म्हणा.