सोललेले वाल

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. हातून चूक झाली, कुणी पाहिली नाही, पुढेही कुणाला कळायची नाही — तर ती सांगायची कशाला? उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं देऊ नका, घरची माणसं शेजारीच बसलीत.

ऐका तर. अलिबागच्या अलीकडे एका वाडीत द्वारकाबाई नावाची म्हातारी. लग्नात माहेराहून पदराच्या गाठीत मूठभर वाल घेऊन आली होती. तांबूस, पाठीवर काळी रेघ. भात कापून झालं की दरवर्षी परसात तेच वाल. पुढे भाऊ गेले, माहेरची जमीन विकली गेली, आणि ते बी उरलं फक्त हिच्या बरणीत. मागचं वर्ष आजारपणात गेलं. पेरणी चुकली, बरणीला कीड लागली. निवडून निवडून धड निघाले किती? नऊ. आणि म्हातारी मांडीचं हाड मोडून खाटेवर!

तिनं सुनेला हाक मारली. "हेमांगी, यंदा तू लाव. रात्रभर भिजव नि लाव. पुढच्या साली मी असेन-नसेन, बी असू दे."

हेमांगी ठाण्याची. तिला वाल ठाऊक ते बिरड्याच्या उसळीतले. तिनं भिजवले, सवयीनं फडक्यात बांधले, दोन दिवसांनी सोडले तर पांढरे टपोरे मोड. आता बायांनो, तुम्हीच सांगा — मोड आलेले वाल पुढ्यात आले की आपले हात काय करतात? बरोबर. सोलतात. तिला वाटलं, एवढं जाड साल, बिचारा कोंब बाहेर यायचा कसा? झोपलेल्या लेकीचं दुपटं सोडवावं तसं एकेकाचं साल तिनं कोमट पाण्यात अलगद काढलं. नऊच्या नऊ. मग पाहते, तर मोडाचे तुकडे पाण्यावर तरंगतायत.

तेवढ्यात दूधवाली सुगंधा दारात. "काय गं, आज बिरडं वाटतं?"

"नाही. लावायचेत."

"सोलून?" सुगंधा हसायलाच लागली. "अगं बाई, मेले ते. सोललेल्या डाळिंब्या कधी उगवतात का?"

ती गेली. आतून हाक आली, "लावलेस का गं?"

"हो आई, लावतेच आहे."

तोंडातून निघून गेलं, मंडळी. आणि एकदा निघालं की पुढचं आपोआप सुचतं. डब्यात बाजारचे वाल होते. मातीत गेल्यावर कोण ओळखणार? म्हातारीला डोळ्यांनी दिसतं किती? आणि हे नऊ? कांद्यावर परतले की पुरावाच संपला. तिनं गॅस पेटवला, कढई ठेवली, तेल घातलं. मोहरी तडतडली. ताटली हातात घेतली.

खाटेवर म्हातारी नातीशी बोलत होती. आठ महिन्यांची पोर, तिला काय कळतं? पण म्हातारी सांगत होती, "तू मोठी झालीस ना, की तुझ्याही पदराला बांधायचे हं हे वाल. तुझी आई बांधेल."

हेमांगीनं गॅस बंद केला. ताटली घेऊन खाटेपाशी गेली, उभ्याउभ्याच म्हणाली, "आई, मी सोलले."

म्हातारीनं हात पुढे केला. ताटली पोटाशी घेतली, बोटानं चाचपू लागली. "हा गेला. हाही गेला." तिसरा. चौथा. पाचवा. हेमांगी खिडकीबाहेर बघत होती. सहाव्यावर बोट थांबलं.

"याला मोड आहे की."

"पण साल कुठंय?"

"नसू दे. जीव मोडात असतो. फक्त उघडा पडलाय, फार ओल लागली तर कुजेल. कुंडीत कोरडसर माती घे, वाळू मिसळ, मोड खाली धर. पाणी मी सांगेन तेव्हा." बोट पुढे सरकलं. असे चार निघाले. मग म्हातारीनं नाक वर केलं. "फोडणीचा वास कसला?"

"या वालांसाठीच केली होती."

म्हातारीनं मान सुनेकडे वळवली. मग म्हणाली, "निदान कांदा तरी घातला होतास का?"

चार दाणे लावले. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी कडेचा एक कुजून वर आला. आठव्या दिवशी सकाळी वाळू तडकली आणि एक वाकलेली मान वर निघाली. दुपारी दुसरी. चौथा आलाच नाही. पण दोन वेल धरले, आणि दोन वेलांच्या शेंगांत पुढच्या सालचं बी सहज निघतं.

आता हिशेब तुम्ही करा. चुकीनं पाच गेले. लपवण्यानं नऊच्या नऊ गेले असते.

आपल्याला वाटतं, आपण मेलेलंच झाकतोय. त्यात जिवंत काय उरलंय ते आपल्याला दिसत नाही. ते कळतं त्याच माणसाच्या बोटाला, ज्याच्यापासून आपण लपवतो. त्याच्यापुढे जायला पाय जड होतात. होऊ देत. जड पायांनी जा.

आता हात जोडा. विठ्ठलाचं नाव आपण सगळे मिळून घेऊ. दुसरं एक नाव मघापासून तुमच्या मनात घोळतंय, ते मला सांगू नका. त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा.