पोस्टाने गेलेलं मत

अभिनंदन नका करू, ताई — नाही नाही, चिडले नाही मी, एवढं पोट दिसल्यावर कुणीही करणारच — फक्त हळू बोला, आत सासूबाई आहेत, तुमच्या पक्षाचा नुसता बिल्ला दिसला तरी त्यांचं डोकं फिरतं — ब्रायनी, बाळा, कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी नाही प्यायचं! — हं, प्रचाराचं काय म्हणत होता? होलंबेक निवडून आले तर वॉशिंग्टनहून साऱ्या देशाला एकच कायदा, पंधरा आठवड्यांनंतर गर्भपात बंद — ठाऊक आहे हो, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या पत्रकावरची ती पोटुशी बाई कोण? मीच. चर्चच्या जेवणाला आले होते, मी बटाट्यांचा ट्रे धरून उभी, म्हणाले, एक फोटो काढू या का? मी ट्रे खाली ठेवला, केस नीट केले — मला बरं वाटलं हो, कुणी कधी विचारतं मला?

मग तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा हळूच स्वतःकडे वळवला. डोक्याची कवटी तयारच झाली नाही म्हणाल्या. जन्मली तरी तास-दोन तास. आणि आमच्या चर्चमधल्या बायका — आमच्यात नाव आधीच सांगून टाकतात ना — त्यांनी हेझल असं नाव विणून टोपी दिलीय. टोपी, ताई! — नको, हात नका धरू, खिडकीतून दिसतं.

मंगळवारी पिट्सबर्गला जायचं. आपल्या राज्यात पंधरा आठवड्यांनंतरही अजून करू देतात म्हणून. वेड म्हणाला — माझा नवरा — लोकांना सांगू, आपोआप गेलं. म्हणजे तो नाही म्हणाला, मीच म्हणाले. त्याने नुसती मान हलवली. परवा तिथे नाव नोंदवायला गेलो, तर बाकावर एक पोरगी एकटीच बसली होती, तिला बघून मनात आलं, मी हिच्यासारखी नाही. अजूनही येतं. बघा, कशी आहे मी.

मत? देऊन झालं. म्हणून तर दार उघडलं, तुम्हाला नियम माहीत असतील — पोस्टाने गेलेलं मत परत मागवता येतं का? तपासणीच्या आधी टाकलं, दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून होलंबेकच्या नावाशेजारचा गोल काळा केला, आधी कोणाचा होतो अशी मस्करी करत — नाही येत? एकदा पोचलं की — बरं. बरं. रडत नाही हो. आणि खरं सांगू, आलं असतं ना परत, तरी वेडसमोर बसून मी कदाचित तोच गोल — माहीत नाही. त्या मंगळवारच्या आधी, शनिवारी, सभेत होलंबेकच्या शेजारी उभं राहायचंय, हे पोट घेऊन. नाही म्हणायचं तर काय कारण सांगू?

फोनवर काय लिहिताय, माझी नोंद? 'आपल्या बाजूने' नका लिहू, परत कुणी येईल. 'विरोधात' — तेही नको, आज नको — कुणी नाही हो आई, पत्ता चुकला बाईंचा! — ताई, 'घरी कुणी नव्हतं' असं काही असतं ना तुमच्यात? तेच लिहा. जा आता.