बाईंच्या नावाची शेंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या केंद्राचे माननीय संचालक साहेब, व्यासपीठावरील बियाणे मंडळाचे पाहुणे, जिच्यासाठी आपण जमलो ती आमची बाई, म्हणजे आमच्या आदरणीय बाई, त्यांचे यजमान आणि समोर बसलेली सगळी मंडळी,

बघा, सुरुवातीलाच जीभ घसरली. बाई आज निवृत्त होतायत आणि उद्यापासून घेवडा विभाग मी सांभाळायचा आहे. आवाज कापतोय तो निरोपाच्या दुःखाने, असं समजून घ्या. खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय.

बाईंचं कौतुक मी काय करावं? घेवड्याची शेंग मोडावी आणि कडेने दोरा निघू नये, एवढ्यासाठी त्यांनी उभं आयुष्य घातलं. यजमान हसतायत, घरी शेंगा निवडायचं काम त्यांच्याकडे असतं. शेंग हाती आली की बाईंचा एकच प्रश्न: "हे रक्ताचं की राहणीचं?" म्हणजे गुण बियाण्याचा की हवापाण्याचा? ते ओळखायला त्यांनी दोन वाफे ठेवले. एक सावलीचा, भरपूर पाण्याचा, ते माहेर. दुसरा पंपघराच्या पत्र्याला लागून, भट्टीसारखा तापणारा, ते सासर. "माहेरी सगळ्याच पोरी गुणी असतात गं," म्हणायच्या. सासरी टिकेल तेच वाण पुढे जायचं.

सासर गेल्या वर्षी गाड्या लावायला सपाट झालं. पाहुण्यांची सोय झाली, त्याबद्दल संचालक साहेबांचे आभार. पण आज ज्याला बाईंचं नाव मिळणार आहे, ज्याची पोती वाटपासाठी दाराशी रचली आहेत, ते वाण यंदा फक्त माहेरी वाढलं. बाई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होत्या, आणि निरोपाच्या दिवशीच वाण जाहीर करायची आम्हा सगळ्यांना हौस.

साहेब, चिठ्ठी मिळाली. आवरतेच.

त्याच पोत्यातलं मूठभर बी मी पत्र्यापाशी जुन्या बादल्यांत लावलं होतं. काल शेंगा मोडल्या. ऊन वाढण्याआधी धरलेल्या खालच्या शेंगा स्वच्छ मोडल्या. त्याच झाडाच्या वरच्या शेंगांना मात्र दोरा. बियाण्यात भेसळ म्हणावी, तर झाड एकच. दोरा उन्हाने आणला, आणि उन्हाला असं भिणं या वाणाच्या रक्तातच आहे.

कालपासून माझी गत अशी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलावं तर बाईंच्या सोहळ्यात मिठाचा खडा, आणि माझी खुर्ची बसण्याआधीच जायची. गप्प बसावं तर ही पोती तापलेल्या शिवारांत जाणार. लोक बिनदोऱ्याची म्हणून पेरणार, बाजारातून माल परत येणार, आणि शिव्या बाईंच्या नावाने पडणार.

बाई, घरी येऊन सांगायचं धाडस झालं नाही. ही घ्या, वरची शेंग. तुम्हीच मोडा.

मागच्यांना दिसत नसेल. दोरा बाईंच्या बोटाला लोंबतोय. त्या काही बोलतायत, तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मी सांगते. त्या म्हणतायत, "पोती उघडू नका. आणि आधी माझं नाव काढा त्यावरून."

बाई, बसा. पाणी द्या कुणीतरी त्यांना.

अध्यक्ष महाराज, चिठ्ठीनंतरही बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मला सांभाळून घ्या. शेंगेला मात्र सांभाळून घेऊ नका.