नवव्या मजल्यावर वाळत घातलेला ड्रम

(सिंगापूरच्या आंग मो किओ वस्तीतला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. जून १९९४, शनिवार, सकाळचे साडेआठ. जेवणाच्या टेबलावर एक ड्रम आहे आणि त्याच्याभोवती तिघं उभी आहेत : संजीवनी, तिचा नवरा शामकांत आणि इंग्लंडहून काल संध्याकाळी आलेली तिची भाची उल्का.)

उल्का : मावशी, हे निघतं ना पण? प्लीज सांग, निघतं.

संजीवनी : निघेल गं. न निघायला काय झालं? हळद-कुंकूच आहे, डांबर नाही.

उल्का : पण एवढं का लावलंस? ही पाच बोटं, आणि मधे हे मोठं...

संजीवनी : पाच बोटं लावायचीच असतात. आणि मधे श्री. आधी स्वस्तिकच काढणार होते, पण हे म्हणाले, इंग्रजांच्या ढोलावर तेवढं नको.

शामकांत : तेवढंच ऐकू आलं तुला. माझं पूर्ण वाक्य 'त्या ढोलाला हातच लावू नकोस' असं होतं.

संजीवनी : तुम्ही गप्प बसा. अगं, तू गाढ झोपली होतीस. म्हटलं, पोरीची आज स्पर्धा, एवढी सातासमुद्रापलीकडून आलीय, वाद्याची पूजा केल्याशिवाय पाठवायची कशी? यांच्या पान्यांच्या पेटीची मी दर दसऱ्याला पूजा करते. आजवर यांचं एक जहाज बुडालं नाही.

शामकांत : त्यात थोडा हात माझाही आहे.

उल्का : पण हे चिकट आहे, मावशी. कुंकू तर पावडर असतं ना?

संजीवनी : पावडर या प्लास्टिकवर टिकते होय? खाली बोटभर तेल लावलं.

उल्का : तेल! ओ गॉड. मावशी, दोन वाजता आमचं इन्स्पेक्शन आहे. आमचे सर, मिस्टर हॉब्सन, एकेकाच्या समोर थांबून बघतात. बूट, बेल्ट, ग्लव्ह्ज, ड्रम. ड्रम पांढरा म्हणजे पांढरा. बर्मिंगहॅमला गॅरीच्या ड्रमवर जॅमचं एक बोट सापडलं. एकच! त्याला लाइनमधून काढला आणि बॅनर धरायला लावला.

संजीवनी : बॅनर म्हणजे?

उल्का : आमच्या ड्रम कोअरच्या नावाचं कापड. दोघं जण ते धरून सगळ्यांच्या पुढे चालतात. वाजवत नाहीत. काहीच करत नाहीत. तीन वर्षं मीच धरलंय. आत्ता पहिल्यांदा मला ड्रम मिळालाय.

शामकांत : कोअर म्हणजे पथक, संजू. आपलं ढोलताशांचं असतं तसं, फक्त हे रांगेत चालतात.

संजीवनी : कळलं मला. मग हा ताशाच की! गळ्यात घालायचा, दोन काड्या...

उल्का : मावशी, तू ऐकत नाहीयेस. आईशी माझं ठरलंय. या ट्रिपलाही मी बॅनरच धरला, तर घरी जाऊन कोअर सोडायचा आणि फार्मसीचा अभ्यास करायचा. मी प्रॉमिस केलंय. आई म्हणते, कापड धरायला सिंगापूरला कशाला जायचं, माझ्याबरोबर चादरी वाळत घाल.

संजीवनी : ताई अगदी अस्संच बोलणार.

उल्का : तिने मला वाजवताना कधी बघितलंच नाही. मी ड्रमच्या प्रॅक्टिसचं पॅड काढलं की ती म्हणते, डोकं दुखतंय, आणि वर जाते.

शामकांत : हे बघ, रडायचं नाही. हा साधा डाग काढायचा प्रश्न आहे. इंजिनरूममध्ये याच्याहून वाईट बघितलंय मी. संजू, तू आधी चहा टाक. तू इथे असलीस की पूजा वाढत जाते.

संजीवनी : जाते. पण घासू नका हं, टिपा नुसतं.

उल्का : काका, हे काय ओतताय?

शामकांत : भांडी घासायचा साबण. तेलाला साबण, सरळ हिशोब. तेल गेलं की त्याच्या मांडीवर बसलेली हळदही गेली. बघ. चाललं... चाललं...

उल्का : काका.

शामकांत : हां?

उल्का : ते लाल होतंय.

शामकांत : कुंकू पसरतंय. पुसलं की जाईल.

उल्का : कुंकू नाही. जे पिवळं होतं ना, तेच लाल झालंय. आणि मोठं झालंय.

शामकांत : ...संजू! जरा इकडे ये. घाई नाही. पण लवकर ये.

संजीवनी : काय झालं? अगंबाई! हळदीला साबण लावलात?

शामकांत : लावायचा नसतो?

संजीवनी : वीस वर्षं जहाजं चालवताय! हळदीला साबण लागला की ती लाल होते हे शेंबड्या पोराला माहीत असतं. कुंकू कशाचं करतात? हळदीचंच! तुम्ही माझ्या टेबलावर कुंकवाचा कारखाना काढलात!

शामकांत : अल्कलीचा परिणाम आहे तो. म्हणजे आता अ‍ॅसिड हवं. बॅटरीचं चालणार नाही, पण...

संजीवनी : बॅटरीचं? लांब व्हा. उल्का, फ्रिजमधून लिंबू आण. दोन आण.

उल्का : हे घे. ...मावशी, परत पिवळं झालं!

संजीवनी : बघ. झालं ना?

उल्का : पण जात नाहीये. आधी पाच बोटं होती. आता पूर्ण प्लेटएवढं पिवळं आहे.

संजीवनी : आता ऊन. साडीवरचा हळदीचा डाग धोब्याला जात नाही, तो उन्हात उडतो. हळद उन्हाला घाबरते.

शामकांत : ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आहे. आणि त्या खिडकीबाहेर नऊ मजले आहेत.

संजीवनी : कपडे कसे वाळत घालते मी? बांबूवर. तोच बांबू, तीच खिडकी. बांधा ढोल त्याला.

उल्का : नो! मावशी, नो. पडला तर?

शामकांत : माझी गाठ आहे, पडणार नाही. या गाठीनं मी समुद्रात बोट बांधलीय. दोरी आण, संजू. ...हं. असा फिरवला, असा ओढला. धर बांबू. ढकल बाहेर. हळू. उल्का, डोळे उघड, झालं.

उल्का : मी नाही उघडत.

संजीवनी : छान ऊन लागतंय. अहो, ती सातव्या मजल्यावरची आंटी टॅन बघा, मान वर करून बघतेय. काहीतरी विचारतेय.

शामकांत : काय म्हणते?

संजीवनी : 'हे काय वाळत घातलंय' म्हणते.

शामकांत : सांग, ड्रम.

संजीवनी : सांगितलं. आता विचारतेय, धुतला कशाला.

शामकांत : आणि?

संजीवनी : म्हटलं, घामट झाला होता. आता ती घरात गेली. बहुतेक नवऱ्याला बोलवायला.

उल्का : किती वाजले?

शामकांत : साडेनऊ. तुझी बस किती वाजता?

उल्का : बाराला, शाळेच्या हॉलवरून. सगळे तिथेच राहिलेत. मला एकटीला नातेवाइकांकडे जायची परवानगी मिळाली. आणि ज्याचा ड्रम त्याने सांभाळायचा, असा आमचा नियम आहे. मी सांभाळला किनई छान? नवव्या मजल्यावर टांगला.

संजीवनी : पोहे खा तोवर.

उल्का : मला नको पोहे. ते पिवळे आहेत.

शामकांत : उल्का, आवाज कसला आला?

उल्का : कसला?

शामकांत : टप. ड्रमवर टप असा आवाज आला. संजू, पाऊस! ओढ बांबू आत!

संजीवनी : ओढतेय! तुम्ही दोरी सोडा!

शामकांत : सुटत नाहीये.

संजीवनी : सुटत नाहीये म्हणजे?

शामकांत : सुटत नाही हीच त्या गाठीची ख्याती आहे!

संजीवनी : उल्का, कात्री! ओट्यावर, कोथिंबिरीच्या शेजारी! ...हं. कापली. आला आत. बाई बाई बाई.

उल्का : दाखव. ...मावशी, अजून आहे.

संजीवनी : कुठे? जरासं.

उल्का : जरासं दिसतं. त्यांना जॅमचं बोट दिसलं होतं. ठीक आहे. मी बॅनर धरेन. मला सवय आहे.

संजीवनी : उल्का.

उल्का : नाही, ऑनेस्टली, इट्स ओके.

संजीवनी : ओके नाही. इकडे बघ. अठरा वर्षांत मी तुला दोनदा पाहिलं. एकदा बारशाला आणि एकदा तू चार वर्षांची होऊन पुण्याला आलीस तेव्हा. काल तू दारात उभी राहिलीस, गळ्यात ढोल अडकवून, आणि माझं काळीज भरून आलं. तुला काय देऊ, काय करू सुचेना. आम्हाला दुसरं काय येतं गं? कुणाचं चांगलं व्हावं वाटलं की आम्ही हळद-कुंकू काढतो. माझंच चुकलं. तू रागाव माझ्यावर.

उल्का : मला नाही येत तुझा राग. मी ट्राय करतेय, पण येत नाहीये.

शामकांत : एक विचारू? हे वरचं कातडं नुसतं पांढरं दिसायला हवं ना? आतून पांढरं असायला हवं असं नाही?

उल्का : म्हणजे?

शामकांत : आमचा प्रतीक शाळेच्या कॅम्पला गेलाय. पण त्याच्या बुटांचा पांढरा रंग घरातच आहे. कॅनव्हासच्या बुटांना लावतात तो. जहाजाला गंज दिसला की आपण काय करतो? बंदर यायच्या आत रंग मारतो.

संजीवनी : अगदी शेवटी का होईना, चीफ इंजिनिअर झालात. अर्धी बाटली आहे. दोन हात होतील.

उल्का : पण हे चीटिंग आहे.

संजीवनी : चीटिंग कसलं? लग्नघर रंगवतात, त्याला कोणी चीटिंग म्हणतं? धर तो कोपरा. अहो, टेबलफॅन आणा.

उल्का : ...पांढरा झाला. मावशी, खरंच पांढरा झाला! एकदा वाजवून बघू?

शामकांत : हळूच एक.

उल्का : ...ओ.

संजीवनी : धूर कसला गं निघाला?

शामकांत : रंग उडाला. उल्का, दोन वाजेपर्यंत याला काडी लावायची नाही. शिंकायचंही नाही. टॅक्सी बोलावतो.

*

संजीवनी : अहो, ती दुर्बीण मला द्या ना. तुम्ही स्टेडियमात बसलाय, जहाजावर नाही.

शामकांत : थांब. इन्स्पेक्शन सुरू झालंय. तिसऱ्या रांगेत उल्का. तो टकलू मिशीवाला म्हणजे हॉब्सन असणार.

संजीवनी : कुठवर आला?

शामकांत : दोन सोडून. आता एक सोडून. आला.

संजीवनी : पुढे गेला?

शामकांत : थांबलाय. वाकला. बोट लावलं ड्रमला.

संजीवनी : देवा गजानना!

शामकांत : बोट बघतोय. बोट पांढरं झालंय. वास घेतला.

संजीवनी : वास कशाला घेतो मेला? उल्का काय करतेय?

शामकांत : बोलतेय. बरंच बोलतेय. हातानं दाखवतेय. हे वर, हे लटकवलेलं... संजू, ती त्याला बांबूची गोष्ट सांगतेय.

संजीवनी : सगळं खरं सांगितलं? अगं पोरी, एवढी राजा हरिश्चंद्राची नात होऊ नकोस! आणि तो?

शामकांत : नुसता उभा आहे. मिशी हलली.

संजीवनी : हसला?

शामकांत : इंग्रज आहे, नक्की सांगता येत नाही. ...गेला. पुढच्याकडे गेला.

संजीवनी : तिला काढलं नाही? बॅनर दिला नाही? नीट बघा!

शामकांत : नाही. तिनं काड्या काढल्या. उभी राहा, सुरू झालं.

संजीवनी : अहो... अहो, ऐका तरी! आणि तो ढग कसला?

शामकांत : आपला रंग. दर ठोक्याला उडतोय. तिच्या भुवया तर आत्ताच पांढऱ्या झाल्या.

*

संजीवनी : ये, ये. आधी तोंड धू. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसतेस.

उल्का : मावशी, आम्ही सहावे आलो.

संजीवनी : सहावे! किती जणांत?

उल्का : सात. सातव्यांची बस चुकीच्या स्टेडियमला गेली.

शामकांत : हॉब्सन काय म्हणाला गं? ते आधी सांग.

उल्का : मी विचार केला होता, काहीतरी सांगायचं, पेंट वगैरे. पण त्यांनी वास घेतला आणि माझ्या तोंडातून सगळंच बाहेर आलं. म्हटलं, सर, माझ्या मावशीने ड्रमची पूजा केली, मग काकांनी साबण लावला, मग लिंबू, मग तो नवव्या मजल्यावरून बाहेर टांगला... ते म्हणाले, स्टॉप. मग म्हणाले, तीस वर्षांत कोणाच्या ड्रमची इतकी काळजी घेतलेली मी पाहिली नाही. लाइनमध्ये राहा.

संजीवनी : चांगलाय हो माणूस. उगाच मेला म्हटलं मी. थांब, ताईला फोन लावते. तिकडे दुपार असेल. ...हॅलो, ताई? मी संजू. ...हो, पोचली घरी. ...नाही गं, बक्षीस नाही, सहावे आले. ...सातातच. ...बॅनर? छे, बॅनरला हातही नाही लावला तिनं. सबंध वेळ वाजवत होती. ...ताई, तू हसू नकोस. मी आज समोर बसून ऐकलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती वाजवायला लागली आणि मला तुझी फार आठवण आली. तू इथे असायला हवी होतीस. ...काय म्हणतेस? ...आत्ता? फोनवर? ...डोकं नाही ना दुखायचं? बरं, थांब. उल्का, तुझी आई म्हणते, थोडं वाजवून दाखव.

उल्का : काय?

संजीवनी : टॉवेल ठेव खाली. आण तो ड्रम.

शामकांत : एक मिनिट थांबा. खिडक्या लावून घेतो.