ओगराळ्यातली कॉफी

सून : बाबा, आज कॉफीला फोडणी दिलीत का?

सासरे : काहीतरीच काय? पाणी, साखर आणि कॉफी. बोटीवर इंजिनरूममध्ये माझी उभी हयात गेली ही कॉफी पिण्यात. तिथे कुणी असलं काही विचारलं नाही.

सून : मला जिऱ्याचा वास येतोय. चवही जिऱ्याचीच लागतेय.

सासरे : हां, ते होय. मुद्दाम घातलंय. पचनाला बरं असतं.

सून : थापा मारू नका. सकाळी मिक्सर बिघडला म्हणून आईंनी तुमच्या त्या हाताने फिरवायच्या यंत्रात जिरे दळले. मी समोरच होते. त्याच यंत्रात तुम्ही आता कॉफी दळलीत. अर्धा कप संपलाय तुमचा, आणि तुम्हाला पत्ताच नाही.

सासरे : म्हातारी जीभ आहे, सूनबाई.

सून : डोळे मिटा बरं जरा. मिटा हो. हं, आता वास घेऊन सांगा, हे काय आहे?

सासरे : अं... साबण?

सून : कांदा आहे, बाबा. आत्ता चिरलेला. तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय.

सासरे : हळू बोल. ती खाली दुकानात गेलीय, येईलच इतक्यात.

सून : कधीपासून वास येत नाहीये?

सासरे : तो ताप आला होता ना मला, तेव्हापासून. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. म्हटलं, येईल परत. अजून तरी आलेलं नाही.

सून : आणि तुम्ही घरात कुणाला बोलला नाहीत. दवाखान्यात मी दिवसभर लोकांना काय होतंय, कुठे दुखतंय विचारत फिरते. आणि माझ्या घरातल्या माणसाचं मलाच कळू नये?

सासरे : सांगून काय झालं असतं? तुझ्या सासूने मला ओट्याजवळ उभं राहू दिलं असतं का? म्हणाली असती, गॅस सुटला तर यांना कळायचंसुद्धा नाही. आणि नाहीच कळणार, खरं आहे ते.

सून : हे माहीत असून रोज गॅस पेटवता?

सासरे : बटण बघतो ना पुन्हा पुन्हा. तुम्ही झोपलात की उठून बघतो.

सून : बाबा, हे हसण्यावारी न्यायचं नाही.

सासरे : हसतोय कोण? भीती वाटते मला. पण ही दुपारची कॉफी काढून घेतलीत, तर या घरात माझ्या हातचं उरलं काय? बाकी सगळं तुम्ही दोघी करता. मी पेपर वाचतो आणि तुमच्या पायांत येतो. आणि तुझी सासू दिवसभर कुठे टेकत नाही, तू बघतेसच. कॉफी कपात ओतली, की गाळ खाली बसेपर्यंत घोट घ्यायचा नाही, असं मी तिला सांगून ठेवलंय. तेवढ्यापुरती तरी बसते बिचारी. माझ्याशी दोन शब्द बोलते.

सून : तुम्हाला स्वतःला काही चव लागते का?

सासरे : कडू लागतं, गोड लागतं, गरम लागतं. बाकी शून्य.

सून : मग इतके दिवस कॉफी इतकी छान कशी होत होती?

सासरे : डोळ्यांनी करतो. ये इकडे, दाखवतो. आधी हे जिऱ्याचं प्रकरण ओतून दे आणि यंत्र स्वच्छ पूस. आता दळ. अजून बारीक. पिठासारखी पाहिजे, बोटाला रवा लागता कामा नये. हे ओगराळं घे.

सून : आमटी वाढायचं?

सासरे : तेच. दांडा लांब, तोंड लहान, आणखी काय हवं? थंड पाणी घाल, कपाने मोजून. कॉफी घाल. साखर आत्ताच घालायची. मागाहून घालून ढवळलीस तर सगळा गाळ वर. आता मंद आचेवर धर आणि नजर हलवू नकोस.

सून : काहीच होत नाहीये.

सासरे : होतंय. कडेने बघ, फेस मध्ये सरकतोय. उकळी फुटू द्यायची नाही. वर चढली की उचलायची. हं, उचल. आधी फेस कपात, मग बाकीची.

सून : काय वास सुटलाय, बाबा.

सासरे : असेल.

(दार उघडतं. जड पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.)

सासू : दोघं ओट्याला चिकटून काय करताय? आणि हा कांदा कुणी चिरून टाकलाय?

सून : आई, बाबांना तुमच्याशी बोलायचंय.

सासू : बोला की. पाय भरून आलेत माझे.

सासरे : आधी बस तू. अगं, मला वास येत नाही. कसलाच. त्या तापापासून.

सासू : परवा दूध करपलं, तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होतात.

सासरे : हो.

सासू : आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले.

सासरे : बोललीस. त्याचं काही नाही. पण आता माझा ओटा बंद, असंच ना?

सासू : गॅसचं बटण मी फिरवणार. लावायचं मी, बंद करायचं मी. मी नसेन तेव्हा हात लावायचा नाही. ओगराळं तुम्हीच धरा. माझ्या हातून उतू जातं.

सून : आणि उद्या नाकाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी नंबर लावते. कधीकधी हळूहळू वास परत येतो, बाबा.

सासरे : आणि नाही आला तर?

सून : तर आई सांगतील तुम्हाला.

सासू : मी काय सांगणार?

सासरे : हा कप घे. वास घे आणि सांग, कसा आलाय.

सासू : चांगला आहे.

सासरे : चांगला म्हणजे कसा? मला काय कळणार त्यावरून?

सासू : अहो, कॉफीचा वास कॉफीसारखाच असणार. मला नाही तुमच्यासारखं बोलता येत. तुम्ही बोटीवरून घरी यायचात ना, तेव्हा तुमच्या शर्टाला यायचा. तसा आहे.

सासरे : ते शर्ट तर मी दारातून आत आलो की लगेच भिजत घालायचीस तू.

सासू : नाही. दुसऱ्या दिवशी घालायचे.